रविवारची हजेरी

३ नोव्हेंबर, रविवार

क्लबच्या लॉगबुकात वेळ, कॉलसाइन आणि सिग्नल कसा आला एवढंच लिहायचं असतं. मत लिहायला त्यात रकाना नाही, आणि मला मतं पुष्कळ आहेत. म्हणून ही वेगळी वही.

दर रविवारी सकाळी आमच्या हौशी रेडिओ क्लबचे सभासद आपापल्या घरून रेडिओवर येतात. मी एकेकाची कॉलसाइन, म्हणजे त्याचं रेडिओवरचं नाव, पुकारतो, तो उत्तर देतो, दोन शब्द हवापाण्याचे बोलतो, की पुढचा. शाळेतल्या हजेरीसारखंच, फक्त पोरं पन्नाशी-साठीची. ही हजेरी अठरा वर्षं मी घेतोय. त्यामुळे क्लबात मला नावाने कोणी हाक मारत नाही. मी ‘कंट्रोल’. घरी फोन आला आणि कोणी विचारलं, ‘कंट्रोल आहेत का?’ की ही सांगते, ‘आहेत, पण रागावर नाही.’

एक गोष्ट अभिमानाने नोंदवून ठेवतो. दीडेक वर्षापूर्वीपर्यंत हे लोक माईकवर असे बोलायचे की तोंडात घास आहे असं वाटावं. शब्दात शब्द अडकलेले. आता सगळे कसे सावकाश, खणखणीत, एकेक शब्द सुटा करून बोलतात. आमचे अध्यक्ष, वकीलसाहेब, उलटतपासणी घेतल्यासारखे बोलतात. आणि वायरमन, माझा तरुणपणापासूनचा दोस्त, जो समोर बसून चार वाक्यं धड बोलत नाही, तोसुद्धा हवेवर आला की शब्द मोजून ठेवतो. इतकी वर्षं शिस्त शिस्त म्हणून मी घसा कोरडा केला, त्याचं फळ आता दिसतंय.

अपवाद फक्त बेकरीवाल्या बाईंचा. बोलतात छान, आवाज भरदार आहे. पण कोणी काही बोललं की लगेच ‘कंट्रोल, रिले देते’ म्हणून तेच पुन्हा सांगत बसतात. रिले कशासाठी असतो? एखाद्याचा सिग्नल कंट्रोलपर्यंत पोचत नसेल, तर मधल्या कोणी त्याचा निरोप पुढे पोचवावा. अडीनडीला. ऊठसूट नाही. आज त्यांनी पाच-सहा वेळा नाक खुपसलं. आवाज चांगला आहे म्हणून किती मिरवायचा?

बाकी, खरखर फार वाढली आहे. शेजारच्या इमारतीत ते स्वस्तातले नवे दिवे लावलेत, त्यांचाच प्रताप.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वायरमनला बोलावून गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीपर्यंतची केबल बदलून घेतली. या वयात तो अजून खांबावर चढतो आणि खाली येऊन गुडघ्यांना शिव्या घालतो. उतरवलेली केबल त्याने जिन्यात बसून मीटर लावून तपासली.

‘ही चांगली होती,’ तो म्हणाला.

‘मग आवाज का बसलाय?’

‘मागच्या महिन्यात अँटेना बदलली. त्याच्या आधी सेट बदललास. हेडफोन दोनदा. आज केबल.’ त्याने केबलचं वेटोळं खांद्यावर टाकलं. ‘आता एकच राहिलं.’

‘काय राहिलं?’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘चहा राहिला.’

तो गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पॉवर सप्लाय! सेटला वीज पुरवणारा तो डबा जुनाच आहे. उद्या नवा मागवतो. वायरमनला कळलं असणार, पण खर्चात पाडायला नको म्हणून बोलला नसेल. भिडस्त माणूस आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

नवा पॉवर सप्लाय लावला. फरक शून्य. दिवेच असणार.

आज एका नव्या सभासदाने पहिल्यांदा हजेरी लावली. ग्रंथपाल आहेत. आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात गेलं, त्या भरात स्वतःचाही आवाज घालवून बसलेत. पिपाणीसारखा बारीक आवाज, तोही कुजबुजल्यासारखा. मला नुसता फुसफुसाट ऐकू आला. बाईंनी लगेच रिले दिला. आज मी त्यांना अडवलं नाही, आज खरंच गरज होती. ग्रंथपालांना मात्र सांगितलं, माईक ओठांजवळ धरा आणि पोटातून बोला. बाकीचे सभासद कसे बोलतात ते ऐका आणि शिका.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घरातल्या वस्तूही आजकाल कमअस्सल येतात. दारावरची घंटा वाजत नाही म्हणून नवी बसवली. ती दोन महिन्यांत गेली. काल पार्सलवाला घंटा दाबून दाबून निघून गेला म्हणे. मी पुढच्याच खोलीत होतो, एक टिंग नाही. ही म्हणाली, ‘मला मागच्या अंगणात ऐकू आली.’ मी म्हटलं, मग तार मागे कुठेतरी गळतेय. वॉशिंग मशीनचंही तेच. कपडे धुऊन झाले की ते शिट्टी मारायचं. आता मुकाट्याने थांबतं.

आणि ही अलीकडे बोलत नाही फारशी. पूर्वी भाजी निवडताना अख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगायची. आता एक वाक्य बोलते, मी ‘काय?’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणून उठून जाते. मी काही केलंय का? विचारलं तरी ‘काही नाही’. मुलगीही फोन करत नाही, नुसते मेसेज पाठवते. दोघींचं काहीतरी शिजतंय आणि मला ताकास तूर लागू देत नाहीत.

वाईट वाटतं. हे लॉगबुकात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

हजेरीनंतर क्लबच्या खोलीत बैठक. पाण्याच्या टाकीखालची ही खोली आम्हाला मिळाली ती वरच्या टाकीवर अँटेना लावता येते म्हणून. टाकी भरून वाहायला लागली की भिंतीवरून ओघळ येतात, म्हणून सगळे सेट टेबलांवर, जमिनीवर काही ठेवायचं नाही असा नियम. नियम मीच केला.

विषय सायकल शर्यतीचा. दरवर्षी डोंगराच्या रस्त्यावर ही शर्यत होते. त्या वळणांवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून सहा ठिकाणी आमची माणसं हँडसेट घेऊन उभी राहतात आणि शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत कंट्रोल बसतो. कोण पुढे आहे, कोण थकला, कोण पडला, सगळं कंट्रोलला कळवायचं. कंट्रोल सांगेल तेव्हा रुग्णवाहिका हलायची. सगळी जबाबदारी या एका खुर्चीची.

वकीलसाहेब घसा साफ करून म्हणाले, ‘या वर्षी कंट्रोलच्या जोडीला आणखी कोणी बसवलं तर? तुमच्यावर ताण नको.’

‘कोणाला बसवताय?’

‘बाई आहेत.’

मी म्हटलं, ‘साहेब, छापखान्यात तीस वर्षं मी रोटरी मशीनवर काढली. ते मशीन सुरू झालं की जमीन हलायची, आणि त्या दणदणाटात नुसत्या आवाजावरून मी सांगायचो कुठला रूळ घासतोय. मला जोडीदार लागला नाही.’

बाई बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत होत्या. म्हणाल्या, ‘मी पाच नंबरवर उभी राहते. मला चालेल.’ चालेल म्हणे. जशी काही माझ्यावर मेहेरबानी.

२४ नोव्हेंबर, रविवार

राग अजून उतरलेला नाही. तरी क्रमाने लिहितो.

शर्यत वेळेवर सुटली. मी तंबूत, डोक्यावर हेडफोन, समोर नकाशा. मागे जनरेटर धडधडत होता. एक, दोन, तीन नंबर झकास येत होते. चार नंबरवर ग्रंथपाल. पाचवर बाई. वायरमन तीन नंबरपाशी रुग्णवाहिकेत, हँडसेट घेऊन.

पहिले सायकलवाले घाटमाथा ओलांडत होते तेव्हा चार नंबरकडून काहीतरी आलं. फुसफुस. मी म्हटलं, ‘चार, तुमची बॅटरी उतरली आहे. बदला आणि थांबा.’ पुन्हा फुसफुस. ‘चार, सहा नंबरचे आकडे येताहेत. चॅनेल मोकळा ठेवा.’ तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मग मात्र मी आवाज चढवला, ‘चार नंबर, हवेवर शिस्त पाळा!’

तेवढ्यात बाई मध्ये घुसल्या. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकला मी. ‘तातडीचं आहे. कंट्रोल, परवानगी नंतर घेते. वायरमनदादा, गाडी चारच्या वरच्या वळणावर न्या, आत्ता. एक जण कठड्यावर आदळलाय, मांडी फाटलीय, रक्त थांबत नाही.’ आणि वायरमन, माझा दोस्त, मला न विचारता म्हणाला, ‘निघालो.’

माझा तिळपापड झाला. कंट्रोल बसलेला असताना गाडी परस्पर हलवायची? उद्या दोन ठिकाणी दोघे पडले आणि दोघांनी एकच गाडी बोलावली, तर?

पडलेला माणूस शाळेत शिकवतो म्हणे. वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. म्हणजे एका उतरलेल्या बॅटरीपायी माणूस हकनाक गेला असता.

संध्याकाळी सामान आवरताना ग्रंथपाल माझ्याजवळ आले. चेहरा पांढराफटक. जवळ उभे राहून म्हणाले, ‘माझं काय चुकलं?’

‘बॅटरी तपासून यायचं असतं.’

‘तपासली होती.’

मी तेवढ्यावर सोडलं. नवीन माणूस आहे, आणखी काय रागवायचं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वकीलसाहेबांकडे तक्रार दिली. बाईंना यापुढे शर्यतीच्या कामावर घेऊ नये. येत्या रविवारी बैठक.

हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘तो मास्तर वाचला ना?’ मी म्हटलं, तो प्रश्न नाही. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच विषय बदलला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बैठकीत पुरावा लागणार. म्हणून क्लबमधून चार नंबरचा हँडसेट आणि त्याची बॅटरी घरी आणली, आणि माझा शर्यतीचा सेट आणि हेडफोनही टेबलावर मांडले.

बॅटरी तपासली. भरलेली. बरं, मग हँडसेट. सिग्नल मीटरला लावला, ठणठणीत. मग माझा सेट. तोही ठणठणीत. राहिले हेडफोन. हेडफोन तपासायची माझी पद्धत जुनी आहे. एका छोट्या यंत्रातून बारीक-जाड सूर सोडायचा, बटण फिरवत सूर खालून वर चढवत न्यायचा, आणि शेजारी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आवाजाची लाट बघत राहायची. पडद्यावर लाट आहे आणि कानात सूर नाही, म्हणजे हेडफोन गेला.

सूर चढवत नेला. घुमला, मग शिट्टीसारखा झाला, मग बारीक होत होत गेला. पडद्यावर लाट तशीच. सापडला चोर! हेडफोन गेलेत. दुसरा जोड लावला. त्याच जागी सूर गेला. वाटलं, एकाच कंपनीचे, एकच खोट. माळ्यावरून छापखान्याच्या वेळचा जुना जोड काढला, धूळ पुसून लावला. त्याच जागी गेला. मग हेडफोन बाजूला ठेवून मोठा स्पीकर जोडला. त्याच जागी.

तीस वर्षं माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवत आलो. एका वेळी एकच सुटा भाग बदलायचा. दोष तरी तिथेच राहिला, तर तो भाग निर्दोष. पुढचा भाग बदलायचा. मी यादीत शेवटपर्यंत आलो होतो आणि बदलायचं काही उरलं नव्हतं.

हिला हाक मारली. हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि म्हटलं, ‘ऐकू येतंय तोवर बोट वर ठेव.’ सूर खालून चढवायला लागलो. तिचं बोट वर. माझ्या कानात जिथे सूर जातो ती जागा आली. बोट वर. आणखी चढवला. बोट वरच, आणि तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला. आणखी थोडा चढवला, तेव्हा तिने हेडफोन ओढून काढला.

‘अहो, काय हे! कानात सुई घातल्यासारखं वाटतंय.’

मी बटण धरून बसून राहिलो. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला एका क्षणात कळलं. तिला कळायला काही नव्हतंच म्हणा. माझ्या शेजारी स्टूल ओढून ती बसली.

मग मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, ‘किती वेळा म्हटलं कान दाखवू या. तुम्ही म्हणायचात, मी हळू बोलते. मग मी बोलायचंच सोडलं. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची, आणि तिसऱ्यांदा सांगताना ती गोष्ट सांगण्यासारखी उरतच नाही हो.’

मला रडू आलं. या वयात. ग्रंथपालांनी तीनदा सांगितलं होतं. एक माणूस रक्तात पडला होता आणि मी ग्रंथपालांना शिस्त शिकवत होतो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काही लिहावंसं वाटत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

रात्रभर एकच विचार. क्लबात हे कोणालाही माहीत नाही. हजेरीत तर माझी कधी चूक होत नाही, तिथे सगळ्यांचे आवाज मला स्वच्छ येतात. ग्रंथपाल तेवढे सोडले तर. म्हणजे हजेरी निभावता येईल. शर्यतीचं काम तब्येतीचं कारण सांगून सोडावं. तक्रार मोठ्या मनाने मागे घ्यावी. बाईंनाही बरं वाटेल. कोणाला काही कळायचं कारण नाही.

‘कंट्रोल’ ही हाक गेली, तर मला मग काय म्हणतील? छापखाना बंद झाला तेव्हा ‘फोरमन’ ही हाक गेली. हे एवढं उरलंय.

हिला म्हटलं, ‘उद्या मी काय करू?’ ती म्हणाली, ‘मला विचारू नका. सांगून सांगून दमले मी.’ मग थोड्या वेळाने येऊन माझा सदरा इस्त्री करून ठेवून गेली.

१ डिसेंबर, रविवार

बैठकीला झाडून सगळे आले होते. टाकी भरून वाहत होती, भिंतीवर ओघळ. वकीलसाहेबांनी माझी तक्रार वाचायला चष्मा लावला, एवढ्यात बेकरीवाल्या बाई उभ्या राहिल्या.

‘वाचायची गरज नाही,’ त्या म्हणाल्या. ‘चूक माझीच. कंट्रोलची परवानगी घ्यायला हवी होती. यापुढे मी शर्यतीच्या कामाला येणार नाही. तेवढं लिहून घ्या आणि विषय संपवा.’

हे सगळं त्यांनी सावकाश, माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

मला सुटका झाल्यासारखं वाटलं, हे खरं लिहितो. आता ‘असो’ म्हटलं की झालं. मी सगळ्यांकडे पाहिलं. वकीलसाहेब कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. ग्रंथपाल बुटांकडे बघत होते. वायरमन भिंतीवरच्या ओघळाकडे असा बघत होता की जणू पाणी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. माझ्याकडे एकही जण बघत नव्हता. बाईंवर राग असता तर बाईंकडे बघितलं नसतं. इथे सगळे माझी नजर चुकवत होते. तेव्हा मला कळलं, यांना सगळं आधीच माहीत आहे.

मी उभा राहिलो. म्हटलं, ‘बाई, बसा.’ त्या बसल्या नाहीत. मग मी तसाच बोललो. ‘चार नंबरची बॅटरी चांगली होती. हँडसेट चांगला होता. माझा सेट, हेडफोन, सगळं चांगलं होतं. मी सगळं तपासलं. मला ऐकू येत नाही.’

कोणी दचकलं नाही. हेच जास्त लागलं.

वायरमनला विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘केबल बदलायच्या खूप आधीपासून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं,’ तो म्हणाला. ‘जिन्यात एकदा, गच्चीवर दोनदा. तुला ऐकू आलं नाही.’

आधी वकीलसाहेब हसले. मग त्यांना लाज वाटली. मग मीच हसलो, आणि खोलीतली सगळी कोंडी फुटली. मग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या वडिलांचे कान भट्टीच्या पंख्याजवळ उभं राहून राहून गेले होते, त्यामुळे खुणा त्यांना पाठ. माझ्या माघारी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, कंट्रोलशी बोलताना आवाज खालच्या पट्टीत ठेवा, सावकाश बोला, शब्द जोडू नका. ज्याचा आवाज बारीक आहे त्याचा रिले मी देईन. नवीन आलेल्या ग्रंथपालांना सांगायचं मात्र राहून गेलं.

शिस्तीचं फळ! या वहीची पहिली पानं फाडून टाकावीशी वाटताहेत.

खरं लिहायचं तर पहिला आला तो राग. दीड वर्ष सगळे मिळून मला खेळवत होते, हा राग. तो बाहेर काढायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ग्रंथपाल उठून माझ्यापाशी आले आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात, पण अगदी कानाशी येऊन म्हणाले, ‘म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?’ आठवडाभर हा माणूस तेवढंच विचारत असणार स्वतःला.

मी त्यांचा हात धरला. ‘तुमचं काहीच चुकलं नाही,’ म्हटलं. ‘तुम्ही तीनदा सांगितलंत. मी तीनदा तुम्हाला गप्प केलं. मला माफ करा.’ त्यांनी मान हलवली आणि मग रुमाल शोधत बसले.

तक्रार मी वकीलसाहेबांच्या हातून घेतली आणि खिशात घातली. म्हटलं, ‘हजेरी आणि शर्यत, दोन्ही आजपासून बाईंकडे.’

‘नको हो,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही कान तपासून या. मग परत तुम्हीच घ्या.’

‘नाही बाई. त्या खुर्चीत बसलेल्याला सगळ्यांचं ऐकू यायला हवं. नुसतं माझ्यासाठी सावकाश बोलणाऱ्यांचं नाही.’ हे बोलताना आवाज कापला. कापू दिला.

६ डिसेंबर, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून हेडफोन घातले आणि सूर सोडले. म्हटलं, हे मी घरी केलंय. माझा आलेख काढला. अर्ध्यापर्यंत सपाट आणि मग कड्यावरून लोटून दिल्यासारखा. ‘मशीनच्या आवाजात काम केलंत का?’ म्हणाल्या. तीस वर्षं, मी सांगितलं. त्या वेळी कानात बोळे घातले की आम्ही एकमेकांना बायकी म्हणायचो. डॉक्टर स्वतः बाई आहेत, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. त्यांनी मन मोठं करून न ऐकल्यासारखं केलं.

गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं की बरंच ऐकू येईल. मोजमाप घेतलं.

१८ डिसेंबर, बुधवार

यंत्रं आली. दोन्ही कानांमागे. दवाखान्यातून घरी येईस्तोवर डोकं उठलं. कागदाची पिशवी एवढा आवाज करते? स्वतःच्या चपला एवढ्या फटफटतात? घरी घंटा दाबून पाहिली. मग जुनी घंटा ड्रॉवरमधून काढून ती पण पाहिली. दोन्ही उत्तम.

ही भाजी निवडत होती. मी समोर बसलो. मग, भाजीकडेच बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘कोपऱ्यावरचे शेजारी घर विकताहेत म्हणे.’ मी म्हटलं, ‘कितीला?’ तिचा हात थांबला. मग तिने जे सुरू केलं ते जेवणाची वेळ होईपर्यंत. कोणाच्या सुनेचं काय, कोणाचं दुखणं काय, दोन वर्षांची बाकी. मी एकदाही ‘काय?’ म्हटलं नाही. काही ठिकाणी म्हणायला हवं होतं, पण चाललं.

२२ डिसेंबर, रविवार

मागचे दोन रविवार मी सेट लावलाच नव्हता. आजही हजेरी बाईंनीच घेतली. मी घरच्या खोलीत, हेडफोन न लावता, स्पीकर चालू ठेवून बसलो. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. पहिल्यांदाच दुसऱ्या कोणी माझी कॉलसाइन पुकारायची वाट बघत होतो. शाळेतल्या पोरासारखा.

बाई पुकारत गेल्या. वकीलसाहेब बोलले. वायरमन बोलला. एकेक जण येत गेला, आणि ते कसे बोलतात ते मला आज खरं ऐकू आलं. किती सावकाश! लहान मुलाला घास भरवताना बोलावं तसं. वायरमन तर ‘आज ऊन चांगलं पडलंय’ एवढं वाक्य संपवायला इतका वेळ लावत होता की मधे माणसाने चहा पिऊन यावं. दीड वर्ष, प्रत्येक रविवारी, ही सगळी माणसं माझ्यासाठी अशी बोलत होती. त्यांना मी थांबवलं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत ऐकत बसलो. ग्रंथपालही आले. बारीक आवाज, पण शब्द न् शब्द कळला.

सर्वांत शेवटी बाईंनी माझी कॉलसाइन पुकारली. तीही सावकाश.

मी बटण दाबलं. ‘हजर,’ म्हटलं. ‘आणि सगळे एवढं सावकाश कशाला बोलताय? मी काय बहिरा आहे?’

बटण सोडलं. क्षणभर काहीच नाही. मला वाटलं, चुकलं, थट्टा जमली नाही. आणि मग सगळ्यांनी एकदम आपापली बटणं दाबली. हवेवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघे-तिघे एकदम बोलले की शब्द कोणाचेच येत नाहीत, नुसती कर्कश शिट्टी वाजते. अठरा वर्षं मी या शिट्टीवरून लोकांना झापत आलो. अलीकडे ती ऐकू यायची नाही, तेव्हा वाटायचं, चला, लोक सुधारले.

शिट्टी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. सगळे हसत असणार, त्याशिवाय अशी वाजत नाही. स्वयंपाकघरातून ही ओरडली, ‘अहो, बंद करा ते, कान किटले!’

मी पहिल्याच हाकेला ओ दिली. बंद मात्र केलं नाही.